अनुताईंची पेटी : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

वाचनालयाच्या बैठकीत ठरलं. १७ मार्चला बालशिक्षणासाठी झटलेल्या अनुताई वाघांची ११५वी जयंती आहे, त्या दिवशी खालच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन लावायचं. जबाबदारी मी मागून घेतली. चौतीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. लहान मुलाशी कसं वागायचं, हे मी ज्यांच्या कामातून शिकले त्यांच्यासाठी काही करायचं राहूनच गेलं होतं.

सात हजार रुपये मंजूर. सोबत डी.एड.च्या दोन मुली, आमच्या गल्लीतले सुतारकाका, आणि घरी आई. आईचं वय चौऱ्याऐंशी. तिने तरुणपणी बालसेविकेचा कोर्स केला होता, तिला शिकवणाऱ्या बाई कोसबाडला, अनुताईंच्या संस्थेत, तयार झालेल्या. म्हणजे ही विद्या आमच्या घरात दोन हातांवरून आलेली आहे.

फ्लेक्स लावायचे नाहीत, एवढं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.

१२ जानेवारी, रविवार

मजकुराचा कच्चा आराखडा केला. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातलं मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. माहेरच्यांनी पुढे शिकवलं. शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवलं. रात्रशाळेत जाऊन १९३७ मध्ये मॅट्रिक. १९४५ मध्ये बोरिवलीच्या ग्रामसेविका शिबिरात बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक भेटल्या आणि त्याच वर्षी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. तेव्हा ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. पुण्याची स्थिर नोकरी सोडून ही बाई समुद्रकाठच्या एका गावात बालवाडी चालवायला गेली आणि २७ सप्टेंबर १९९२ ला शेवटचा श्वास घेईपर्यंत त्याच भागाची राहिली. सत्तेचाळीस वर्षं.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. तेराव्या वर्षाच्या ओळीवर तिने मला थांबवलं.

"माझी मोठी आत्या त्याच वयाची," ती म्हणाली. "तिचंही असंच झालं होतं. ती जन्मभर आमच्या माजघरात राहिली. भाकऱ्या केल्या, आम्हा सगळ्यांची बाळंतपणं काढली. तुला शिकायचंय का, असं तिला कुणी विचारलं नाही गं."

आत्याआजीला मी पाहिलेलं नाही, तिचा एकही फोटो घरात नाही. हे फलकावर लिहायचं नाही. इथे मात्र नोंदवून ठेवते, कारण यापुढे तो फलक वाचताना मला ती दिसणार आहे.

समितीतल्या एका काकांनी मथळा सुचवलाय, 'त्यागमूर्ती अनुताई'. दुसऱ्या एकांनी 'दानशूर'. दोन्ही मला पटत नाहीत. दान करायला त्यांच्याकडे पैसा नव्हताच. आणि त्याग म्हटलं की वाटतं, कामात त्यांना आनंद नव्हता, सगळं मन मारून केलं. पोरांची गाणी रचणाऱ्या बाईबद्दल असं कसं म्हणायचं? मथळा सध्या कोरा.

१९ जानेवारी, रविवार

कोसबाडला जाऊन आलो. बोर्डीचं केंद्र पुढे इथल्याच टेकडीवर आलं. विरारहून डहाणू लोकल, मुली आणि मी. फोटो काढायचे हा हेतू नव्हता, टेकडी पायांनी चढून बघायची होती. संस्थेच्या कामात आम्ही व्यत्यय आणला नाही.

टेकडीवर कोणी कसं राहायला येतं, हे मुलींना समजून घ्यायचं होतं. वाटेत त्यांना १९४५ सांगितलं. याच भागात, त्याच वर्षी, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचं आंदोलन उभं राहिलं होतं, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांत फिरत होत्या. ज्या पाड्यांत मोठी माणसं 'आम्ही वेठ करणार नाही' म्हणायला शिकत होती, त्याच भागात या दोघी त्यांच्या मुलांचा हात धरायला आल्या. दोन्ही कामं एकमेकांपासून वेगळी, पण मूल शाळेत का येत नाही याचं उत्तर दोन्हीकडे एकच होतं. घरात खायला नाही, आणि मुलाच्या हातालाही काम आहे.

बोर्डीला आधी एक नीटनेटकी बालवाडी काढली होती. गावातली मुलं येत, वस्तीतली येत नसत. कपडे नाहीत, अंघोळ नाही, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, आणि त्या दारातून आत जायचा धीर होत नाही. तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि हा शब्द देशभर गेला. आज गावोगावी अंगणवाडी आहे, पण हे नाव बोर्डीच्या वस्तीतल्या अंगणातून निघालंय हे कितीजणांना ठाऊक असेल? आमच्या समितीत अकरा जणांपैकी दोघांना माहीत होतं.

टेकडी चढताना धाकटी मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे आधी चुकलं, मग दुरुस्त केलं." हो. आणि चूक मुलांवर ढकलली नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर तासभरच काम. सुतारकाकांनी विचारलं, "ताई, फळ्या किती उंचीवर ठोकू?" मी म्हटलं, तीन फूट. तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर आलं पाहिजे. मोठ्यांनी वाकायचं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज खरं काम सुरू झालं. प्रदर्शनात काचेच्या आड काही नको, सगळं हातात घेता आलं पाहिजे, हे ठरलं. माँटेसरी बाईंची साधनं उत्तम, पण महाग. ती आदिवासी पाड्यावर कुठून येणार? ताराबाई भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या तेव्हापासूनच आपल्या मातीतली साधनं शोधत होत्या. बोर्डी-कोसबाडला या दोघींनी आजूबाजूला जे पडलेलं मिळतं त्यातून शिकवणं उभं केलं. चिंचोके, शिंपले, खडे, पानं, बिया. मुलाला ओळखीची वस्तू, फुकट मिळणारी, हरवली तर कुणी ओरडत नाही अशी.

आज केलेलं :

आवाजाच्या डब्या. एकसारख्या बारा डब्या, सहा जोड्या. आत तांदूळ, वाळू, चिंचोके, बारीक खडे, मेथीदाणे आणि शिंपल्यांचे तुकडे. हलवून ऐकायचं आणि जोडी लावायची. झाकणं आतून डिंकाने चिकटवली. मेथी आणि तांदूळ यांचा आवाज इतका जवळ गेला की मलाच ओळखेना. मेथी काढून तिथे सागरगोटे घातले.

वासाच्या पुरचुंड्या. ओवा, सुंठ, तुळस, कापूर. कापूर आईने काढायला लावला, "मूल तोंडात घालेल." बरोबर. त्याऐवजी दालचिनी.

खुळखुळे. दुधी भोपळा वेलीवरच पूर्ण वाळू दिला तर कवच लाकडासारखं होतं. वारल्यांचा तारपा याच भोपळ्याचा. विरारच्या एका शेतकऱ्याने असे चार छोटे वाळलेले भोपळे दिले, पैसे घेतले नाहीत. देठाकडून भोक पाडून आतला गर वाळलेला होता तो काडीने उकरून काढला, बिया धुऊन परत आत घातल्या आणि बुचाने बंद केलं. चारांपैकी एक भोक पाडताना तडकला. तीन झाले.

आई पलंगावर बसून एकेक खुळखुळा कानाशी धरून वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून आम्ही तिघी काही वेळ काम थांबवून बसलो.

९ फेब्रुवारी, रविवार

मोठी चूक वेळेत सापडली. मोजायला म्हणून धाकटीने वाटीभर गुंजा आणल्या होत्या. लाल-काळ्या, देखण्या. गुंज विषारी असते, फुटलेली बी पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. सगळ्या गोळा करून मोजून परत केल्या, आणि वाटी दोनदा धुतली. नियम लिहून टाकला. तीन वर्षांखालच्या मुलांपुढे सुट्या बिया ठेवायच्याच नाहीत, त्यांना मोठे शिंपले आणि नारळाच्या करवंट्या.

खडबडीत अक्षरं केली. पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढायचं, वर चाळलेली वाळू भुरभुरायची, वाळलं की झटकायचं. मूल दोन बोटांनी अक्षर गिरवतं आणि तोंडाने उच्चार करतं. बोट, डोळा, कान एकाच वेळी. कुठल्या अक्षरापासून सुरुवात? 'अ अननसाचा' नको. वारली मुलाच्या अंगणात अननस कुठला? ग, म, र, घ, च, ब, भ अशी अक्षरं घेतली. गर, मगर, घर, चटणी, बकरी, भात. ओळखीचा शब्द निघतो आणि मुलाला कळतं की हे आपल्याच घरातलं बोलणं आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद थोडी लांबेल.

हॉलच्या दाराशी, सगळ्यात आधी दिसेल अशा जागी काय ठेवायचं, यावर आम्ही अडलो होतो. समितीचं म्हणणं, हार घातलेला मोठा फोटो आणि खाली पुरस्कार. १९८५ ची पद्मश्री, त्याच वर्षीचा जमनालाल बजाज पुरस्कार. ते सगळं खरंच मानाचं आहे आणि आतल्या फलकावर येईलच.

दाराशी मी एक बादली, तांब्या, शिकेकाईची वाटी, फणी, छोटा आरसा, नखं काढायची कात्री आणि जुन्या मऊ धोतराचा टॉवेल ठेवायचं ठरवलंय.

कारण अंगणवाडीचा दिवस इथून सुरू होत असे. आधी स्वच्छता. हात-पाय धुवायचे, डोळ्यांची चिपडं पुसायची, केसांतल्या उवा काढायच्या, नखं कापायची, खरजेला औषध लावायचं. मग गाणी, मग साधनं. हे एखाद दिवशी पाहुण्यासारखं जाऊन करणं वेगळं, आणि रोज त्याच मुलांचं, वर्षानुवर्षं, तेही जातीपातीची शिवाशिव घट्ट असलेल्या १९४५ च्या गावात करणं वेगळं. लहानपणीच विधवा झालेली बाई, वस्तीतल्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन विंचरते आहे. त्या मुलाच्या आईने ते दारातून पाहिलं असेल. पुढच्या दिवशी मूल अंगणवाडीत पाठवायचं की नाही, हे तिने तिथेच ठरवलं असणार.

मथळ्याचा प्रश्न मला इथे सुटला. अनुताईंनी जे दिलं त्याची पावती होत नाही. मथळा लिहिला : 'ज्यांनी आधी अंघोळ घातली'. काकांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठेवा."

ताराबाईंचा फोटो अनुताईंच्या शेजारीच, त्याच आकाराचा. यावर मी तडजोड करणार नाही. ३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. त्यानंतर एकोणीस वर्षं अनुताईंनी ते सगळं एकटीने पुढे नेलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

कुरणशाळेचा फलक तयार. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शिक्षकाने झोळी घेऊन कुरणात जायचं. गुरं चरतात, मुलं झाडाखाली बसतात, खडे मोजतात, पानांचे आकार बघतात, गाणी म्हणतात. संध्याकाळी मोठ्यांसाठी रात्रशाळा. आणि विकासवाडी म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. हे सुचलं कारण मोठी बहीण शाळेत येताना कडेवर धाकटं भावंड घेऊनच येई. ते पाळण्यात ठेवता आलं तरच तिचे हात पाटीला मोकळे.

हे सगळं रंगवून झालं आणि थोरल्या मुलीने ब्रश खाली ठेवला.

"बाई, हे बघायला कोण येणार?"

सभासदांची मुलं, नातवंडं. चांगल्या शाळांत जाणारी, घरी खेळण्यांनी कपाट भरलेली. आणि इथून सहा किलोमीटरवर वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून कुटुंबं तिथे येतात, पावसाळ्यापर्यंत झापात, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. वारली, कातकरी, म्हणजे ज्या पाड्यांसाठी अनुताई जगल्या तशाच पाड्यांतली मुलं.

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रात्री आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग पेटी कर. चाकं लाव तिला."

२ मार्च, रविवार

समितीत दीड तास चर्चा. ठरलं असं : प्रदर्शन १७ मार्चला सकाळी १० ते २ हॉलमध्ये. दुपारनंतर सगळी साधनं एका पेटीत भरून भट्टीवर, आणि पुढे दर सोमवारी. दोघांचा विरोध होता, सामान हरवेल म्हणून. मी सांगितलं की हरवणार, आणि म्हणूनच ते चिंचोक्यांचं केलंय.

सुतारकाकांनी जुन्या कपाटाच्या फळ्यांची पेटी केली. आतून कप्पे, झाकण उघडलं की आडवं राहतं आणि त्यावरच मुलं साधनं मांडू शकतात. खाली चार चाकं. मजुरीबद्दल विचारलं तर त्यांनी हात हलवला. खर्च आतापर्यंत ४,३६० रुपये. त्यात सगळ्यात मोठी रक्कम वाहतुकीची.

९ मार्च, रविवार

भट्टीवर पहिल्यांदा गेलो. मुकादमाची परवानगी आधी घेतली होती. सकाळी अकराला पोहोचलो ते चुकलंच. ही माणसं पहाटेच्या अंधारात वीट पाडायला बसतात, ऊन चढलं की थांबतात. आम्ही गेलो तेव्हा बाया दमून झोपलेल्या, मुलंही. आठ-नऊ वर्षांची मुलं सुकलेल्या विटा उलटायचं काम करतात, तळव्यांना भेगा. एका आजीने सांगितलं, "चारला या. तेव्हा पोरा मोकली असतात." आणि दुसरी गोष्ट, शिमग्याला सगळे गावी जाणार. होळी तेराला. काही सतरापर्यंत येतील, काही नाही.

आजीने आम्हाला पाणी दिलं. टँकरचं, दिवसाला मोजून मिळणारं. आमच्या बादलीचा विचार मला तिथे उभं राहूनच बदलावा लागला. त्यांच्या पाण्यातून मुलांना अंघोळ घालायची नाही, पाणी आपण न्यायचं. वीस लिटरचे तीन कॅन वाढवले.

१७ मार्च, सोमवार

सकाळ नीट गेली. त्रेसष्ट माणसं आली. आई व्हीलचेअरवर दाराशी बसून होती, बादलीशेजारी. येणाऱ्या प्रत्येक मुलाला तिने आरसा धरला. दोन अंगणवाडी सेविका गणवेशातच आल्या होत्या, सुट्टी नव्हती, कामावरून परस्पर. त्यातल्या एकीने अंगणवाडी शब्दाचा फलक वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाली, "बावीस वर्षं नोकरी झाली. कुणी सांगितलं नव्हतं." मग ती परत ताराबाई-अनुताईंच्या फोटोंपाशी गेली आणि चपला काढून उभी राहिली.

दोनला आवरलं. चारला भट्टीवर.

अर्धे झाप अजून रिकामे. नऊ मुलं होती, त्यातली दोन कडेवरची. पेटी पाहून लांबच उभी राहिली. मी कुणालाही हाक मारली नाही. झाकण उघडलं, आडवं केलं आणि थोरलीने एकटीनेच आवाजाच्या डब्या हलवायला घेतल्या. दहा मिनिटं कुणी आलं नाही. ती दहा मिनिटं आम्हाला फार लांब वाटली. मग एक सहा-सात वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ, पुढे आली. भावाला खाली ठेवायला जागा शोधत होती. धाकटीने हात पुढे केले. मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं, मग दिला.

तिने सहाही जोड्या लावल्या. चिंचोक्याची डबी कानाशी धरून म्हणाली, "यात चिचोरं हायेत." बंद डबीतलं ओळखलं तिने.

अंघोळ आज नाही. फक्त हात-तोंड, आणि ज्यांनी हात पुढे केले त्यांची नखं. चौघांनी केले. त्या मुलीच्या अंगठ्याजवळची भेग खोल होती, नखं कापताना तिला दुखलं असणार, पण तिने हात मागे घेतला नाही. कोमट पाण्यात हात धरून ठेवला आणि नंतर खोबरेल लावलं. मी पहिली-दुसरीची हजारो मुलं पाहिली असतील. एकाही मुलाचा हात इतका वेळ माझ्या हातात नव्हता.

२४ मार्च, सोमवार

दुसरी खेप. चौदा मुलं. मोजदाद : चिंचोके अदमासे वीस कमी, शिंपले तीन कमी, अक्षरांतलं 'म' भिजलं, परत करायचं. फणी आणखी दोन हव्यात. खरूज असलेली तीन मुलं आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंशी बोलून पुढच्या सोमवारी त्या सोबत येणार. पुढचे सोमवार मुली आळीपाळीने सांभाळणार, परीक्षेच्या आठवड्यात मी एकटी.

एक खुळखुळा परत आला नाही. त्या मुलीच्या धाकट्या भावाच्या हातात होता, झोपला तेव्हाही मुठीत होता. विरारच्या शेतकऱ्याला फोन केला. वेलीवर अजून पाच भोपळे वाळत ठेवतो म्हणाले.